पुठ्ठा धरणारी

चॉकलेटच्या चांद्या साठवून, डकवून
मीच केला होता तो पुठ्ठा, दारापेक्षा बोटभर लहान.
एल्डन म्हणायचा, ‘अजून डावीकडे, लिओना. बरगड्यांखाली.’
आणि मी ऊन उचलून
बरगड्यांखाली ठेवायचे.

मिशिगन सरोवराची वाळू. चौपन्न सालचा सप्टेंबर.
बस शेवटच्या थांब्यावर उतरवून माघारी फिरायची,
पुढे मैलभर पाय ओढत: तिपाई, थर्मास,
सफरचंदं, तेलाची बाटली,
आणि पोलाद कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेला
मिलोश व्रानिच, वय सव्वीस,
चालता चालता पेंगणारा.

लंगोट्या मी शिवायचे.
स्वयंपाकघराचा जुना पडदा, दुहेरी टीप.
टपालखात्याचा नियम भावाला तोंडपाठ होता:
इतकं झाकलं तर कला,
बोटभर कमी पडलं तर तुरुंग.
ते बोट माझ्या टेपवर मोजलं जायचं.

त्या दिवशी त्याला ग्रीक देव हवा होता.
भाला म्हणून घेवड्याच्या वेलाची काठी.
‘ग्रीक म्हणजे कोपऱ्यावरच्या खानावळवाल्यासारखा?’
मिलोशनं विचारलं, आणि आत ओढून धरलेलं पोट
हसण्यात सुटलं.
ती प्लेट वाया गेली, एल्डन म्हणाला.
मी काहीच म्हणाले नाही.

तेलावर वाळू बसायची.
एल्डन मऊ कुंचल्यानं ती झाडायचा,
खांद्यावरून, पाठीच्या पन्हळीतून,
आईची चिनीमातीची बशी पुसावी तसा, श्वास धरून.
तेवढा वेळ सरोवराकडे बघत राहायचं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौकटीत काय यायचं नाही, ते ठरलेलं:
क्षितिजावरची धुराडी.
मनगटावर घड्याळानं राखलेली गोरी पट्टी.
डाव्या कोपराशी भाजून चकचकीत झालेली कातडी,
तिच्यासाठी पेन्सिल होती, रात्री, तळघरात.
तिथं लाल दिव्याखाली तो पुन्हा उगवायचा,
आधी केस, मग डोळ्यांच्या खोबण्या,
वाळू सगळ्यात शेवटी.

चार फोटो, एक डॉलर.
तपकिरी पाकिटांवर पत्ते माझ्या अक्षरात:
आयोवातला दंतवैद्य, नेब्रास्कातला ऑर्गन वाजवणारा,
आणि कुठल्याशा गावचा एक जण
दर महिन्याला डॉलर धाडून लिहायचा,
फोटो पाठवू नका, घरात माणसं आहेत.
फक्त कळवा, अजून काढताय ना.
मी कळवायचे.

मार्चमध्ये दोघं आले. हॅट डोक्यावरच.
पत्त्यांची वही मागितली.
वही भट्टीत होती, पावाच्या साच्याखाली,
आणि भट्टी तापलेली.
‘अशी वही नाही,’ मी म्हणाले,
तेव्हा ते खरंच व्हायला लागलं होतं.
जळक्या कातड्याचा वास आला.
पाव करपला वाटतं, त्यातला एक म्हणाला.

दंड भरला. कॅमेरा विकला.
काचा एल्डननं स्वतःच फोडल्या, परसात, एकेक,
उजेडासमोर धरून पाहून.
पुढे तो शाळेतल्या मुलांचे फोटो काढायचा,
हनुवटी वर, बाळ, हनुवटी वर.

मे महिन्यात मिलोश आला होता.
गावाकडे आईला पाठवायला एक फोटो हवा होता.
‘कपड्यातला,’ तो म्हणाला.
दोन वर्षं, इतकी उन्हं,
आणि तसा एकही नव्हता.
तिघंही हसलो. मग कुणी हसलं नाही.

आता एल्डन नाही.
पुठ्ठा आहे, कडा कुरतडलेल्या.
एप्रिलमध्ये टोमॅटोची रोपं खिडकीकडे झुकतात
तेव्हा तो त्यांच्या मागे उभा करते,
जरा डावीकडे,
आणि उगाच धरून बसते,
टेकवायला भिंत असताना.